सूतोवाच आणि पाचवं गाव

रात्री साडेदहाच्या सुमाराला डेस्कवर एक बातमी आली. दोन देशांमधल्या जुन्या भांडणाची. एका बाजूच्या प्रमुखाने भाषणाच्या ओघात म्हटलं होतं, की समोरचे बोलायला तयार असतील तर आम्हीही बसायला तयार आहोत. एवढंच. अट नाही, मसुदा नाही, तारीख नाही. दुसऱ्या बाजूचा प्रवक्ता म्हणाला, आम्ही ऐकलंय, बघू. इंग्रजी मजकुरात शब्द होता ‘ओव्हर्चर’, म्हणजे बोलणी सुरू व्हावीत म्हणून एका बाजूने टाकलेला पहिला शब्द. शेजारच्या सहकाऱ्याने मथळा लिहिला, ‘शांतता प्रस्तावाला थंडा प्रतिसाद’. पान सोडायची घाई होती, मीही मान डोलावली. घरी जाताना मात्र तो मथळा डोक्यातून जाईना. प्रस्ताव होता कुठे? आणि जो नव्हताच, त्याला प्रतिसाद थंडा की गरम हे आम्ही कशावरून ठरवलं?

मराठीत या गोष्टीला शब्द नाही, असं नाही. सूतोवाच हा चांगला, वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. पण तो आपण भलत्याच कामाला जुंपलाय. ‘वीज दरवाढीचे मंत्र्यांकडून सूतोवाच’, ‘मंत्रिमंडळ विस्ताराचे सूतोवाच’, ‘अभ्यासक्रमात बदलाचे सूतोवाच’ अशा ओळी आपण नेहमी वाचतो. तिथे अर्थ असतो संकेत, चाहूल, कधीकधी तर सरळ घोषणा. निर्णय ज्याच्या हातात आहे, त्याने तो सोसणाऱ्यांना आगाऊ दिलेली वर्दी. समोरून काय उत्तर येतंय याची त्यात कोणी वाट बघत नाही. आणि जिथे खरोखर कोणीतरी वाट बघत असतं, वैऱ्यासमोर, रुसलेल्या भावासमोर, संपावर गेलेल्या कामगारांसमोर पहिला शब्द ठेवून थांबलेलं असतं, तिथे आपण ‘प्रस्ताव’ लिहितो, ‘नमतं घेतलं’ लिहितो, ‘एक पाऊल मागे’ लिहितो.

ही मला नुसती शब्दांची गल्लत वाटत नाही. भांडणात आधी तोंड उघडणाऱ्या माणसाशी आपण समाज म्हणून कसे वागतो, ते या गल्लतीत दिसतं. आणि आपण जसे वागतो त्यामुळे भांडणं लांबतात, असं माझं ठाम मत झालंय.

शब्द कुठून आला ते आधी पाहू, कारण अर्थाची किल्ली तिथेच आहे. पुराणात पानोपानी ‘सूत उवाच’ येतं. सूत, म्हणजे पुराणकथा सांगणारा, म्हणाला. सत्यनारायणाची पोथी ऐकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून ते गेलेलं असतं. या सूताची सगळ्यात मोठी बैठक महाभारताच्या पहिल्याच अध्यायात आहे. नैमिषारण्यात शौनक ऋषींचं बारा वर्षांचं यज्ञसत्र चाललंय आणि लोमहर्षणाचा मुलगा उग्रश्रवा तिथे येतो. ऋषी त्याला आसन देतात, कुठून आलास म्हणून विचारतात. तो जनमेजयाच्या सर्पसत्रापासून सगळा प्रवास सांगतो, आणि मग कथा सुरू करण्याआधी विचारतो, ‘मी काय सांगू?’

हे विचारणं मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्या नावावरून आपला शब्द आला, तो सूत समोरच्याचा कल घेतल्याशिवाय बोलायला लागत नाही. ऐकणारे बसलेत, त्यांना ऐकायचंय, काय ऐकायचंय हेही त्यांनीच सांगायचंय. म्हणजे सूतोवाच हे एकट्याचं बोलणं नाहीच. ते सुरू होतं एका तोंडून, पण पूर्ण होतं दुसऱ्याच्या कानात.

शब्दाच्या घडणीबद्दल जाता जाता एक. संस्कृतच्या नियमाप्रमाणे ‘सूतः उवाच’चं ‘सूत उवाच’ होतं आणि गाडी तिथेच थांबते. विसर्ग गेला की पुन्हा संधी करायचा नसतो. मराठीने तो बिनदिक्कत केला. व्याकरणाच्या काट्यावर हे चूक ठरेल, पण मला त्यात शब्द आपला झाल्याची खूण दिसते. ‘सुतोवाच’ असा ऱ्हस्व मात्र लिहू नये, सूत दीर्घच. पुष्कळांना हा सूत म्हणजे धागा वाटतो, ‘सूत जुळलं’ मधला. व्युत्पत्ती म्हणून ते खरं नाही, तरी ज्यांना तसं वाटतं त्यांच्या कानाला अर्थ बरोबर लागलाय.

आता या शब्दाचे शेजारी पाहा, म्हणजे त्याची हद्द कळेल. आपण ‘खडा टाकून पाहतो’. त्यात आपण लपलेले असतो, पाण्यात तरंग उठतात का तेवढं बघायचं असतं. ‘चाचपणी’ आणि ‘कानोसा’ तसेच, समोरच्याच्या नकळत. ‘शब्द टाकणं’ वेगळं. ते बहुधा दुसऱ्यासाठी असतं, आणि जो टाकतो त्याची पत पणाला लागते. ‘विषय काढणं’ घरगुती, ‘विषयाला तोंड फोडणं’ त्याहून धीट. ‘प्रस्ताव’ म्हणजे कागद. त्यात कलमं असतात, तो मान्य करायचा किंवा फेटाळायचा असतो. ‘शिष्टाई’ आणखी पुढची, तिथे दूत लागतो, दूताला अधिकार लागतो. सूतोवाच या सगळ्यांच्या मधे, उघड्यावर उभं आहे. त्यात लपवाछपवी नाही आणि कलमंही नाहीत. त्यात प्रश्न एकच असतो, आपण बोलायचं का? हो म्हटलं म्हणून काही द्यावं लागत नाही आणि नाही म्हटलं तरी विचारणाऱ्याचं काही जात नाही. निदान जाऊ नये.

एवढा बारीक फरक करणारी भाषा आपल्याकडे असताना आपण सगळं ‘प्रस्ताव’ आणि ‘माघार’ या दोन खुंट्यांवर टांगतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिला शब्द कसा टाकावा आणि कसा टाकू नये, याचा धडा हवा असेल तर महाभारतातल्या उद्योगपर्वासारखं पुस्तक नाही. आपल्याला त्यातली कृष्णशिष्टाई तेवढी लक्षात असते. पण कृष्ण हस्तिनापुरात जातो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन प्रयत्न झालेले असतात आणि दोन्ही कसे फसले ते व्यासांनी अगदी जवळून दाखवलंय.

पहिला पाठवला जातो द्रुपदाचा पुरोहित. माणूस विद्वान आहे, बोलतो ते सगळं खरं आहे. पांडवांवरचे अन्याय तो एकामागून एक मोजून दाखवतो. ऐकून भीष्म म्हणतात, बोललास ते खरं, पण फार तिखट बोललास. आणि लगेच कर्ण उसळतो. बोलणं सुरू होण्याआधीच वाद सुरू झाला. पुरोहिताने सूतोवाच करायचं सोडून निकाल वाचून दाखवला होता.

मग धृतराष्ट्र संजयाला पाठवतो. संजय जातीने सूतच, योगायोग पाहा. तो पांडवांच्या मुक्कामी, उपप्लव्यात येऊन गोड बोलतो. युद्ध वाईट आहे, कुळाचा नाश होईल, असल्या राज्यापेक्षा भीक मागून जगणं बरं. सगळं शांततेचंच बोलणं. पण राज्य परत देण्याबद्दल चकार शब्द नाही. पुरोहिताच्या शब्दात माया नव्हती, संजयाच्या शब्दात वजन नव्हतं. समोरच्याने फक्त शांत बसावं एवढंच मागणारा पहिला शब्द ऐकणाऱ्याला अपमानासारखा लागतो. कृष्णही तिथे संजयाला धर्माच्या नावाखाली चाललेल्या या एकतर्फी उपदेशाबद्दल चांगलं सुनावतो.

आणि मग येतं ते धर्मराजाचं उत्तर, ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय. संजय परत निघताना युधिष्ठिर त्याच्याजवळ निरोप देतो, की राज्य नको, पाच भावांना पाच गावं द्या. चार गावांची नावं तो घेतो. ती नावं पोथीपोथीत थोडीफार वेगळी सापडतात. पण पाचव्या गावाचं नाव तो घेत नाही. पाचवं कुठलंही द्या, म्हणतो.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला तो निव्वळ भोळेपणा वाटायचा. आता वाटतं, सबंध उद्योगपर्वात इतकं शहाणपणाचं वाक्य दुसरं नाही. चार गावं सांगून त्याने आपलं मागणं हवेत राहू दिलं नाही. संजयासारखं पोकळ बोलला नाही. आणि पाचवं मोकळं सोडून त्याने दुर्योधनाच्या हातात काहीतरी ठेवलं. तू ठरव. यात तुझाही शब्द असू दे. मागणाऱ्याने देणाऱ्याला प्रतिष्ठा दिली. खरं सूतोवाच ते हेच, ज्यात एक गाव मोकळं असतं.

दुर्योधनाने सुईच्या अग्राएवढीही जमीन देणार नाही म्हटलं आणि पुढचं सर्वांना माहीत आहे. पण त्याने नाही म्हटलं म्हणून धर्मराजाचं विचारणं चुकलं, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. निर्णय दुर्योधनाच्या नावावर जमा आहे, विचारणं युधिष्ठिराच्या. आपण ताज्या बातम्या वाचताना नेमका हाच हिशेब विसरतो.

अलीकडच्या काळाकडे येऊ. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या तोंडाशी आले, तेव्हा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याकडून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन दिवसांत दोन पत्रं गेली. २६ तारखेचं पत्र खासगी होतं. त्याचा सूर असा, की तुम्ही क्यूबावर चाल करणार नाही असं वचन द्या, मग आमची शस्त्रं तिथे असण्याचं कारण उरत नाही. २७ तारखेचं पत्र रेडिओवरून जगजाहीर केलं गेलं आणि त्यात तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं हलवण्याची मागणी वाढली होती. केनेडी यांनी जाहीर उत्तर दिलं ते पहिल्या पत्राला. दुसऱ्यातल्या मागणीबद्दल त्यांच्या भावाने सोव्हिएत राजदूताची गुपचूप भेट घेतली. २८ तारखेला क्षेपणास्त्रं परत नेण्याची घोषणा झाली. तुर्कस्तानची गोष्ट पुढे बरीच वर्षं लोकांपासून झाकून ठेवली गेली.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिल्या शब्दाचं सूतोवाच होईल की धमकी, हे बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यावर असतं. केनेडींनी दुसरं पत्र धरून बसायचं ठरवलं असतं, तर तेही कागदोपत्री चूक ठरलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, सगळ्यात नाजूक शब्द गर्दीपासून दूर बोलला गेला, म्हणून टिकला.

उलट उदाहरणही आहे, भर सभेत बोललेल्या शब्दाचं. ९ नोव्हेंबर १९७७ ला इजिप्तच्या संसदेत राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात म्हणाले, शांततेसाठी मी जगाच्या टोकाला जाईन, अगदी इस्रायलच्या संसदेतही जाईन. तिथे हजर असलेल्या कितीतरी जणांना ते भाषणातलं अलंकारिक वाक्य वाटलं. तसं वाटावं असंच ते होतं. इस्रायलने ते अलंकार म्हणून सोडून दिलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण इस्रायलचे पंतप्रधान बेगीन यांनी निमंत्रण पाठवलं आणि दहाव्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, सादात विमानातून इस्रायलच्या जमिनीवर उतरले. मार्च १९७९ मध्ये तह झाला. एका वाक्याला दुसऱ्याने खरं मानलं, एवढ्यावर हे उभं राहिलं. त्याची किंमत सादात यांनी प्राणांनी मोजली हे खरं आहे, आणि तो तह अजून टिकून आहे हेही खरं आहे.

आता घरचं उदाहरण, ज्याची जखम मुंबईत अजून दिसते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कामगार संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायला कायद्यात दार नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी दार होतं त्यांच्यामागे कामगार नव्हते. सामंतांशी नुसतं एका टेबलावर बसणं म्हणजे त्यांना मान्यता देणं असा अर्थ लागत होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. विरून गेला, आणि त्याबरोबर लालबाग-परळचं एक सबंध जगणं विरलं. गिरण्या बुडण्याची कारणं पुष्कळ आहेत, यंत्रं जुनी होती, जमिनीचे भाव चढत होते, यंत्रमागांची स्पर्धा होती, हे सगळं मला मान्य आहे. तरी बोलणं म्हणजे मान्यता, या एका समजुतीने पहिल्या शब्दाचा गळा दाबला गेला, हे त्या कारणांच्या यादीत आपण पुरेसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. हात पुढे करावा आणि समोरच्याने पाठीत वार करावा, असं झालेलं नाही का? झालंय. २० फेब्रुवारी १९९९ ला अटलबिहारी वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले, दुसऱ्या दिवशी लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसलेले सापडले. त्या युद्धात ज्यांची मुलं गेली त्यांच्यासमोर उभं राहून सूतोवाचाचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही.

पण पुढचंही पाहायला हवं. त्याच वाजपेयींनी १८ एप्रिल २००३ ला श्रीनगरच्या सभेत पुन्हा मैत्रीचा हात पुढे केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी लागू झाली. रेषेलगतच्या गावांमधली शेतं पुन्हा कसली जाऊ लागली. पहिल्या वेळी फसलो म्हणून दुसऱ्यांदा विचारायचंच नाही असं ठरवलं असतं, तर ती वर्षं त्या गावांना मिळाली नसती. आणि दोन्ही वेळा सैन्य सीमेवरून उठलेलं नव्हतं. बोलायचं का, हे विचारणं आणि पहारा उठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ होते ती आपण दोन्हींना एकच नाव देतो म्हणून. ‘प्रस्ताव’ म्हटलं की वाटतं काहीतरी देऊन टाकलं. ‘सूतोवाच’ म्हटलं तर कळतं की अजून काहीच दिलेलं नाही, फक्त विचारलंय.

वकिलांना हे फार पूर्वी कळलंय. तडजोडीच्या पत्राच्या डोक्यावर ते ‘विदाऊट प्रेज्युडिस’ असं लिहितात. आमच्या हक्कांना बाध न येता हे बोलतोय, उद्या याचा वापर आमच्याविरुद्ध करू नका. १८७२ च्या पुरावा कायद्यातच तशी सोय होती. जे कबूल केलं ते पुरावा म्हणून येणार नाही अशा अटीवर केलं असेल, तर दिवाणी दाव्यात ते वापरता येत नसे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तर मध्यस्थीत बोललेल्या सूचना, तयारी, अगदी दिलगिरीसुद्धा गोपनीय ठेवायची तरतूद आहे. दिलगिरीसुद्धा, हे मला विशेष वाटतं. चूक झाली म्हणणारा माणूस तेवढ्यावरून पकडला जाऊ नये, याची काळजी कायद्याने घेतली. न्यायालयात ज्या गोष्टीला इतकं जपतात, तिला आपण चावडीवर, टीव्हीवरच्या चर्चेत आणि मोबाइलवरच्या गटांत पायाखाली घेतो.

दुसरा आक्षेप भाषेच्या बाजूने येतो. शब्दांचे अर्थ बदलतात, सूतोवाचाचा अर्थ आता ‘संकेत’ झाला, मग अडचण काय? बदलाला माझी हरकत नाही. ज्या शब्दाचा संधीच नियम मोडून झालाय, त्याच्या सोवळेपणाची भाषा मी कशाला करू? ‘नांदी’चंही असंच झालं. आनंद या अर्थाच्या धातूपासून आलेली, नाटकाआधीच्या मंगलाचरणाला दिलेली ती संज्ञा. आज ‘विनाशाची नांदी’ सर्रास चालते आणि कोणाचं काही अडत नाही, कारण सुरुवातीसाठी इतर शब्द आहेत. सूतोवाचाचं तसं नाही. हा शब्द सरकारी वर्दीला देऊन टाकला, तर भांडणातल्या पहिल्या, बिनशर्त, उत्तराची वाट पाहणाऱ्या शब्दाला मराठीत नावच उरत नाही. आणि ज्याला नाव नाही त्याला हद्द नाही. मग तो शब्द कधी शरणागतीत मोजला जातो, कधी डावपेचात.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते आधी माझ्याच व्यवसायाकडे आहे. मंत्र्याने दरवाढ होईल असं सुचवलं, तर ‘संकेत दिले’ लिहा. ठरवून टाकलं असेल तर ‘जाहीर केलं’ लिहा. ‘सूतोवाच’ राखून ठेवा ते दोन बाजू असतील तिथे, आणि एका बाजूने दुसरीला विचारलं असेल तेव्हा. दुसरीचं उत्तर येईपर्यंत ‘फेटाळला’, ‘नमले’, ‘झुकले’ ही क्रियापदं हातात घेऊ नका. ‘बघू’ म्हणणारा प्रवक्ता थंडा नसतो. तो ‘नाही’ म्हणालेला नाही, आणि त्या रात्रीची खरी बातमी तीच होती. ‘आधी कोण बोललं?’ हा प्रश्न चर्चेच्या पहिल्या पाच मिनिटांत विचारणं थांबवा. त्या उत्तराने वाचकाच्या ज्ञानात भर पडत नाही, पण बोलणाऱ्याची उद्याची वाट बंद होते. राजकीय पक्षांनाही हेच सांगेन. विरोधकाने चर्चेची तयारी दाखवली की ‘आमच्या आंदोलनाचा विजय’ म्हणून फटाके फोडायचे, हा पुढच्या वेळी कोणी तयारी दाखवू नये याचाच बंदोबस्त आहे.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या गावात दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. बांध कोरला की आपोआप सरकला, हा मूळ प्रश्न. दोघांत सहा वर्षं अबोला. एका माघी पौर्णिमेला थोरला पारावर बसला असताना धाकटा समोरून चालला होता. थोरल्याने मान वर न करता विचारलं, ‘यंदा हरभरा कसाय रे तुझा?’ धाकटा थबकला. म्हणाला, ‘बराय दादा. घाटे धरलेत.’ आणि पुढे गेला. मी तिथेच होतो, शाळकरी होतो. पारावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकजण मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘नमला की थोरला!’

संध्याकाळपर्यंत ते वाक्य दोन्ही घरांत पोचलं होतं. थोरल्याच्या घरात मुलांनी बापाला बोल लावले. धाकट्याच्या घरात ठरलं, की आता नमलाच आहे तर आणखी ताणून धरायचं. हरभऱ्याची चौकशी कुठल्या कुठे गेली. पुढे मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले गेले, ते उपटले गेले, तारखा पडत राहिल्या. त्या दिवशी थोरल्याने ना बांध सोडला होता ना दावा. त्याने पाचवं गाव मोकळं ठेवून पाहिलं होतं, आणि पारावरच्या एका शब्दाने ते बुजवून टाकलं.

दोन वर्षांमागे गावी गेलो तेव्हा थोरल्याच्या अंगणात हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्याची पेंडी पडलेली दिसली. त्याच्या रानात त्या वर्षी हरभरा नव्हता, ऊस होता. मी पेंडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो म्हणाला, ‘धाकट्याच्या रानातला आहे, खा.’ परतताना धाकट्याकडे थांबलो, तर ओट्यावर थोरल्याच्या घरची किटली होती. बांधाचं अजून पुरतं मिटलेलं नव्हतं, पण दोघं मिळून वकिलाकडे एकाच गाडीवरून जाऊन आले होते. आधी कोण बोललं, असं मी दोघांनाही विचारलं. थोरल्याने डहाळा सोलत विषय पावसाकडे नेला. धाकटा म्हणाला, ‘ते राहू दे. चहा घेतोस ना?’